आबांची फाइल

बजाजनगरात माझं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, लग्नपत्रिका, बायोडेटा, काय म्हणाल ते. तेव्हा मराठी फॉन्टची तऱ्हाच न्यारी होती. ज्या फॉन्टात टाइप केलं तो संगणकात नसला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. गिऱ्हाईक घाबरायचं. मी फॉन्ट टाकला, की मजकूर पुन्हा जसाच्या तसा. रोजचंच होतं ते, कुणाला मुद्दाम सांगावं असं कधी वाटलंच नाही.

माझे वडील, आबा, खुलताबादकडचे, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. कुठल्या दुखण्यावर कुठला पाला, कुठली साल, सगळं त्यांच्या डोक्यात. एका उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे राहिले, तेव्हा रोज दुपारी दुकानात बसून सांगायचे आणि मी टाइप करायचे. साठेक पानं झाली. मी छापू छापू म्हणत राहिले. लोकांच्या पत्रिका गठ्ठ्यांनी छापल्या, बापाची पानं तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढे दुकान बंद केलं, संगणक घरी आणला. गेल्या दिवाळीत लेक पुण्याहून आली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. "आई, हा डबा काढू आता," संगणकाकडे बघून म्हणाली. मी चकल्या तळत होते. म्हटलं, काढ, फक्त कामाचं सगळं घे. तिनं फोटो माझ्या नव्या लॅपटॉपवर घेतले आणि डबा भंगारात दिला.

यंदा आबा विसरायला लागले, तेव्हा मला ती फाइल हवी झाली. लॅपटॉपवर सापडेना, म्हणून लेकीला फोन केला.

"अगं, त्या फाइली करप्ट होत्या. नुसता कचरा दिसत होता."

मी ओरडलेच, "एवढी शिकलीस आणि तुला फॉन्ट कळला नाही?"

ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं होतं का?"

राग तिच्यावर काढला, पण चूक माझी होती. तिच्या फोनवर मराठी आपोआप उमटते. असली खिचडी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

भंगारवाल्याकडे धावले. "बाजी, वो तो उसी दिन तोड दिए," तो म्हणाला.

शेवटी गावी गेले. आबांना खरं सांगायचं आणि त्यांना आठवेल तेवढं वहीत लिहून घ्यायचं, असं ठरवून गेले होते. दारात भाऊ लंगडी मेंढी धरून उभा होता आणि आबांना विचारत होता, "आबा, खूर सडलंय हिचं, काय लावू?"

मला बघून आबा हसले. "म्या कशाला ध्यानात ठिवू आता? हिनं समदं मशिनीत ठिवलंय. हिलाच इचार."

"सांग की ताई," भाऊ म्हणाला.

ती सगळी पानं माझ्याच बोटांनी टाइप केली होती. त्यातलं एकही औषध मला आठवेना.