विहिरीजवळचा वाफा

नवऱ्याची गिरणी बंद पडली, तेव्हा आम्ही घाटकोपरची खोली सोडून गोराईला राहायला गेलो. ओळखीतल्या एकांची तिथे लहानशी वाडी होती. कौलारू घर, विहीर, सात-आठ माड, कोंबड्यांचं खुराडं आणि भाजीचे वाफे. मालक वसईला असायचे. म्हणाले, "घर राखा. पिकेल ते तुमचं." माझं माहेर देवगडकडचं, त्यामुळे मला मातीची सवय होती. नवऱ्याला माग सोडून काही माहीत नव्हतं. तो पाणी ओढायचा आणि कोंबड्यांना घाबरायचा.

सगळ्यात आधी लाल माठ हाताशी आला. एका बुधवारी उजाडताच मी जुड्या बांधल्या, अंडी भुशात ठेवली आणि फेरीबोटीने खाडी ओलांडली. बोरिवलीत तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या. तिथल्या पहिल्याच दारातली बाई म्हणाली, "आत्ताच तर घेतली ना भाजी! तुमच्या सासूबाई देऊन गेल्या."

माझी सासू माझ्या लग्नाआधीच वारली होती.

बाईने आतून जुडी आणून दाखवली. केळीच्या सोपटाने बांधलेली, माझ्यासारखीच, पण गाठ माझी नव्हती. "लाल चौकड्यांचं लुगडं, पायात काही नाही," ती म्हणाली. "लुगडं निथळत होतं हो त्यांचं. म्हणाल्या, पैसे सून घेईल." आणि तिने पैसे माझ्या हातावर ठेवले.

त्या जिन्यातल्या प्रत्येक दारात हेच झालं. नाही म्हणायला हवं होतं. मी पैसे घेतले, माझ्या जुड्या पुढच्या बिल्डिंगीत खपवल्या आणि घरी आले. विहिरीजवळचा वाफा कापलेला होता. विळ्याने, एका उंचीवर, पुन्हा फुटवा येईल असा नीट. सकाळी मी निघाले तेव्हा तो उभा होता. नवरा दिवसभर विहिरीवरच होता आणि त्याने कुणालाही पाहिलं नव्हतं.

शेजारी एक म्हातारी ख्रिस्ती विधवा राहायची, गावातच जन्मलेली. मी तिला सांगितलं, तशी सुपातले तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

"तुमच्या आधी ती होती त्या घरात," ती म्हणाली. "दर बुधवारी टोपली घेऊन जायची. एकदा वारा सुटला, होडी उलटली. बाकीचे निघाले. ती नाही मिळाली, बाय. मढंच नाही, तर मिस्सा तरी कोण सांगणार?"

"तिची सून?"

"तिला मूलच नव्हतं."

हे ऐकून नवरा म्हणाला, "चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांग तिच्या नावाने. आपण करू ना सगळं. मोकळी कर तिला."

"सांगते," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही.

कारण सरळ होतं. माझ्या दोन हातांत जेवढं मावायचं, तेवढंच आणखी ती नेत होती. घर त्यावर चालत होतं. मी विहिरीजवळचा वाफा तिच्यासाठी राखायला लागले. बी पेरायचे, तण काढायचे, बुधवारी तिकडे न बघता निघायचे. नवरा विचारायचा, "अगं, सांगितलंस का?" मी म्हणायचे, "पुढच्या रविवारी." असं दीड वर्ष गेलं.

मग मला दिवस गेले. सातव्या महिन्यातही मी टोपली घेऊन जात होते. एका बुधवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकले. जिन्यात लख्ख ऊन होतं. कुठून तरी धाप ऐकू येत होती. मला वाटलं माझीच, म्हणून मी श्वास रोखला. धाप चालूच राहिली, वरून.

मान वर केली. कठड्याच्या गजांतून दोन पावलं दिसली. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. लुगड्याच्या काठातून पायरीवर थेंब पडत होते आणि जिन्यात खाडीचा वास होता. ती डोक्यावरची टोपली उतरवू पाहत होती. हात लावायला कुणी नव्हतं. "आय गो," ती म्हणाली. अगदी हळू, कंबर मोडलेल्या कुठल्याही बाईसारखं.

मेल्यावरही माणसाला धाप लागते, हे मला माहीत नव्हतं. मी चार पायऱ्या चढून हात लावायला हवा होता. मी भिंतीला टेकूनच राहिले. वर बेल वाजली, दार उघडलं. "आलात? किती दमलात हो! पाणी देऊ?"

मी तशीच खाली उतरले आणि काही न विकता परत आले.

त्या रविवारी शेजारीण मला चर्चमध्ये घेऊन गेली. फादरांना नाव तिनेच सांगितलं. मला ते तोवर माहीत नव्हतं, कधी विचारलंच नव्हतं. मिस्सा झाली. मी मागच्या बाकावर बसले होते, आणि सगळे उठले तरी मला उठवेना.

बुधवारी मी वाफ्याशी ऊन वर येईपर्यंत बसून राहिले. माठ उभाच होता. शेवटी मीच कापला. त्यानंतर मिळकत निम्म्यावर आली. नवऱ्याने मढ गावातल्या एका बंगल्यावर राखणदारी धरली, आणि आमचं कसंबसं चाललं.

मी वाफा कापला त्या बुधवारी पहिल्या दारातल्या बाईने माझ्यामागे जिन्यात डोकावून पाहिलं. "सासूबाई नाही आल्या?"

"आता घरीच असतात," मी म्हटलं.

"बरं झालं. झेपत नव्हतं हो त्यांना," ती म्हणाली, आणि तिने दोन जुड्या घेतल्या.