‘व्हय’ म्हणून न भागणारा प्रश्न

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. आप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेल विणायचे आणि युनियनची उरलेली पत्रकं घरी आणायचे. आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. मिठाचा डबा उचलला की खाली ‘कामगार बंधूंनो, हे किती दिवस सहन करणार?’ असं विचारलेलं असायचं. लहानपणी मला वाटे, कुणीतरी याचं उत्तर द्यायला हवं. मोठी झाले तशी मीच पत्रकं लिहायला लागले आणि तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत छापत राहिले. त्या प्रश्नावर माझा आजही विश्वास आहे. पण माणसाला प्रश्न विचारतात कसा, हे मी पाहिलं ते सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, एका सिस्टरकडे.

त्या उन्हाळ्यात आप्पांचं डोकं चालेनासं झालंय, असं घरात ठरत चाललं होतं. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. शेंगदाणे आणायला सांगितलं की ‘व्हय’ म्हणून जायचे आणि साबण घेऊन यायचे. एका बारशात कुणीतरी त्यांना विचारलं, “पोरीचं लग्न कधी करताय?” आप्पा म्हणाले, “व्हय, कालच.” लोक हसले. आई ताटातला भात चिवडत बसली.

मग एक दिवस कारखान्यात चालू मागाशेजारीच त्यांना चक्कर आली. जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, त्यांना घरी पाठवलं आणि निरोप दिला, डोकं ठिकाणावर हाय असं डॉक्टरनं सांगितलं तरच परत या. वळसंगहून माझे चुलते आले. आप्पांच्या देखतच त्यांनी आईला सांगून टाकलं, “गावाकडं न्हेतो त्याला. शेरडं वळायला डोकं लागत न्हाय.”

आप्पा मान हलवून म्हणाले, “व्हय.”

संपाच्या काळात कारखान्याच्या गेटवर सगळ्यांच्या पुढं उभा राहणारा हा माणूस. तो आपल्याच पाठवणीला मान डोलावत होता. दवाखान्यात काय निघतंय त्यावर त्यांचं काम आणि शहाणा माणूस म्हणून त्यांचं उरलेलं आयुष्य अवलंबून होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दवाखान्यात मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. रांग लांब होती, बाकडं एकच होतं, आणि पंख्याखाली कुणी बसायचं यावरून दोन बायकांची जुंपली होती. डॉक्टरांकडे जाण्याआधी सिस्टर प्रत्येकाची विचारपूस करत होती. मध्यम वयाची, तोंडावर मास्क, चष्मा कपाळावर सरकवलेला.

“मामा, काय होतंय?”

उत्तर आईनं दिलं. “चक्कर येतीया. आणि विसरत्यात लई. सांगितलेलं ध्यानात ऱ्हात न्हाय.”

“जेवण जातं का, मामा?”

“व्हय.”

“झोप लागते?”

“व्हय.”

“उठताना चक्कर येते का?”

“व्हय.”

मी मध्ये तोंड घातलं. “सिस्टर, यंत्रमाग कामगारांच्या पाळ्या ज्या पद्धतीनं—”

“हितं भाषण नको,” आई पुटपुटली आणि तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

सिस्टर लिहीत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, “सकाळी काय खाल्लं, मामा?”

“व्हय,” आप्पा म्हणाले.

ज्याची भीती होती ते झालं होतं, तेही लोकांसमोर. आईनं घाईघाईनं भाकरीचं सांगायला सुरुवात केली. सिस्टरनं हात वर करून तिला थांबवलं.

“मावशी, तुम्ही नाही. तुमचा नंबर नंतर. चेहऱ्यावरून तुमचंही बीपी बघावं लागेलसं वाटतंय मला.”

आई पदरात हसली आणि मागं सरली.

सिस्टर बीपीचं मशीन आणायला म्हणून उठली आणि आप्पांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. तिथून साध्या आवाजात म्हणाली, “मामा, पाणी देऊ का?” आप्पा भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. चित्रातलं बाळ हसत होतं; आप्पाही त्याच्याकडे बघून थोडेसे हसले.

मग ती पुढं आली. स्टूल ओढून आप्पांच्या समोर बसली, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी सरकली आणि मास्क हनुवटीखाली घेतला. आवाज चढवला नाही.

“मामा, सकाळी काय खाल्लं?”

“ज्वारीची भाकरी. रातचं पिठलं. चहा दोनदा झाला, पण हिला एकदाच म्हाईत हाय.”

रांगेतल्या बायका हसल्या. आईच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. मी आप्पांकडेच बघत होते.

“काम काय करता?”

“टावेलाचे माग चालवतो.”

“एवढ्या आवाजात एकमेकांशी बोलता कसं?”

आप्पांना प्रश्नाची गंमत वाटली. “तितं आवाज कोन काढतंय? हात करायचा, तोंड हलवायचं. जॉबर शिव्या देतो त्या बी तोंड बघूनच कळत्यात की.”

सिस्टरनं मान डोलावली. मग तिनं नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. आप्पांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि उत्तर दिलं, “वळसंग. पन आता घर हितंच हाय.”

पुन्हा तिचे ओठ हलले.

“भ्या वाटतंय,” ते म्हणाले. “घरातली समदी मला येडा समजाय लागलीत.”

तिनं काय विचारलं होतं ते आम्हाला आजही माहीत नाही. आम्ही दोघी चांगल्या कानांच्या, तिथंच उभ्या होतो आणि आम्हाला फक्त उत्तर ऐकू आलं.

आई पुढं झाली, अगदी त्यांच्या तोंडासमोर. “अवं, मग ऐकू येत न्हाय म्हनायचं. व्हय व्हय कशाला म्हनता?”

“एकदा इचारलं की लोक सांगत्यात. दोनदा इचारलं तरी सांगत्यात. तिसऱ्यांदा चिडत्यात. व्हय म्हनलं की सुटतो.”

सिस्टरनं त्यांचं बीपी झोपवून घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर ते खाली आलं. तिनं विचारलं, पाळीत पाणी किती पिता? आप्पा म्हणाले, “पीत न्हाय. लघवीला जायचं तर माग कुनावर सोपवायचं?”

कामगारांच्या हालांवर मी कितीतरी लिहिलं होतं. ‘अमानुष पिळवणूक’ हे शब्द मी झोपेतही लिहू शकेन. लघवी हा शब्द माझ्या एकाही पत्रकात नव्हता.

डॉक्टरांनी सिस्टरचं सगळं ऐकून घेतलं, आप्पांना समोर बसवून पुन्हा तपासलं आणि कानांच्या तपासणीला पाठवलं. दोन्ही कान बरेच गेले होते. डोक्याला काही झालेलं नव्हतं. चक्कर उन्हाळ्यात पाण्यावाचून राबल्याची होती. घरात आम्ही त्यांच्याशी मोठ्यानं आणि तोंडावर बोलायचो, तेव्हा सगळं ठीक चालायचं. पाठमोरं बोललो की त्यांचं लक्ष नाही म्हणायचो. कारखान्यात तर ते कधीच बहिरे नव्हते. त्या आवाजात सगळेच सारखे बहिरे.

पत्रकातल्या प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्या सिस्टरनं विचारलं तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं, आणि उत्तर येईपर्यंत ती थांबली. मागं एवढी रांग असताना थांबली. हे धाडस आहे, असं मी मानते. तिची नुसती स्तुती करून मी थांबणार नाही. स्टूल ओढून बसायला वेळ लागतो, आणि अख्ख्या रांगेला एकच सिस्टर असेल तर तो वेळ ती आपल्या जेवणातून काढते. एकीच्या चांगुलपणावर दवाखाना चालवणं हा अन्याय आहे, तिच्यावरही आणि बाकड्यावरच्या शेवटच्या माणसावरही. हे मी पत्रकात लिहिलंय आणि लिहीत राहीन. फक्त आता लिहिण्याआधी पाळी सुटताना गेटवर जाते, माणसाच्या समोर उभी राहते आणि ‘व्हय’ म्हणून भागणार नाही असं काहीतरी विचारते.

चुलते एकटेच वळसंगला गेले. जाताना आई त्यांना म्हणाली, “भावजी, शेरडं जपून वळा. त्याला डोकं लागतंय थोडं.” जॉबरनं आप्पांना परत घेतलं. आता त्यांच्या मागाशेजारी पाण्याची बाटली लटकते, आणि शेजारचा कामगार थोडा वेळ दोघांचे माग बघतो. आप्पाही त्याचे बघतात. कानांच्या मशीनसाठी आमच्या दवाखान्याच्या खेपा चालू आहेत.

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी आई शेगडीपाशी पाठमोरी बसली होती. सवयीनं तिनं तशीच विचारायला सुरुवात केली, मग थांबली. गॅस बारीक केला, उठून बाहेर आली आणि आप्पांच्या समोर बसली.

“मेथी करू का?”

आप्पांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

“न्हाय,” ते म्हणाले. “मेथी मला कधीच आवडली न्हाय.”