सेकंदरावांचा कंबरपट्टा

सदर लाभार्थी पुरुष, वय वर्षे बासष्ट, बांधा मध्यम, बसलेल्या अवस्थेत किंचित वाकलेला. व्यवसाय घड्याळदुरुस्ती, एकाच दुकानात, एकोणचाळीस वर्षे. ओळखीची खूण: उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वण. स्वभाव शांत, वेळेचा विषय वगळता. जुनाट व्याधी: कंबरदुखी, अकरा वर्षे. चालू उपचार: चुंबकीय कंबरपट्टा, नग एक, अंतर्भूत चुंबक आठ. परिणाम: उत्तम.

हा मजकूर मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ पट्टे विकायचा आणि त्याच्या कंपनीला पुस्तिकेसाठी बरे झालेले लोक हवे होते. पण ते शेवटी आलं.

लाभार्थ्याला गल्लीत सेकंदराव म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण त्याखालची ओळ जास्त ठळक होती: 'येथून निघालेले घड्याळ चुकत नाही.' ही ओळ त्यांनी स्वतः रंगवली होती आणि तिच्यावर त्यांची बायकोपेक्षा जास्त निष्ठा आहे, असं बायको म्हणायची. बायको त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात शिवणयंत्र चालवायची. पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं असली कामं. त्यामुळे तिला नवऱ्याची कंबर दिवसभर ऐकू यायची.

घड्याळजीचं टेबल छातीपर्यंत उंच असतं. सेकंदरावांनी मात्र सुरुवातीलाच एक जुनं शाळेचं टेबल घेतलं होतं, बुटकं, पोटाशी खण असलेलं. नंतर उंच टेबल घ्यायचं राहून गेलं ते एकोणचाळीस वर्षं. दुरुस्त झालेलं घड्याळ ते त्या खणात मखमलीवर ठेवत, वर वाकून दुसरं उघडत. अकरा वर्षांत तेल झालं, शेक झाला, फळीवर झोपून झालं.

"दुखणं कमरेचं नाही, टेबलाचं आहे," बायको म्हणायची.

"टेबल एकोणचाळीस वर्षं ठीक आहे."

"त्याला कंबर नाही म्हणून."

अशात मेहुणा पट्टा घेऊन आला. काळा, रुंद, आत आठ चपटी चुंबकं शिवलेली.

"भावोजी, फक्त आतल्या बाजूला काम करतात ही. रक्तातलं लोखंड हलतं आणि दुखणं निघून जातं."

"आणि बाहेरच्या बाजूला?"

"बाहेर काही नाही. कंपनीने बंद केलंय."

चुंबकाने घड्याळाचं काय होतं हे या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं, कारण सेकंदराव प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत. आतली केसाएवढी स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडते आणि घड्याळ पुढे पळतं. "घड्याळ स्पीकरवर ठेवू नका" हे त्यांचं वाक्य लोक नमस्काराऐवजी वापरत. इतकं असून त्यांनी पट्टा बांधला. बांधला आणि पहिल्याच दुपारी ते चार तास सलग बसले. उठताना तोंडातून 'आई गं' निघालं नाही. बायकोने यंत्र थांबवून वर पाहिलं. अकरा वर्षं सवयीचा आवाज अचानक बंद झाला की माणूस दचकतोच.

पुढचे पाच आठवडे सुखाचे गेले. बायकोच्या टाचण्या हरवू लागल्या, आणि घरी शर्ट काढला की सेकंदरावांच्या कमरेभोवती सापडू लागल्या.

"अहो, साळिंदर झालंय तुमचं."

"माझे स्क्रूसुद्धा आता खाली पडत नाहीत. सरळ पोटावर येतात. जोडफायदा आहे हा."

मग घड्याळं परत येऊ लागली. पहिलं दातांच्या डॉक्टरचं, रोज नऊ मिनिटं पुढे. सेकंदरावांनी त्याला स्पीकरवरून झापलं. मग पोस्टातल्या बाईंचं, बारा मिनिटं. त्यांच्याकडे स्पीकर नव्हता, म्हणून त्यांना शेजाऱ्यांच्या स्पीकरवरून झापलं. दर वेळी ते घड्याळाचं चुंबकत्व उतरवत, टेबलावर चालवून बघत, अगदी बरोबर चाले. खात्रीसाठी खणात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला देत.

शेवटी हेडमास्तर आले. निवृत्त नव्हेत, चालू. खिशातलं साखळीचं घड्याळ त्यांनी टेबलावर ठेवलं, पण ठेवताना आवाज केला नाही. हे वाईट लक्षण होतं.

"सेकंदराव, काल वार्षिक परीक्षेत मी अकरा मिनिटं आधी पेपर गोळा केले."

सेकंदरावांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"आज तो पेपर पुन्हा घेतला. पालकांसमोर उभा राहून सांगितलं, चूक माझी. तुमचं नाव घेतलं नाही. तीस वर्षं हे घड्याळ तुमच्याकडे येतंय म्हणून. अजून एकदा ठेवतो. आठ दिवस चालवून बघीन. चुकलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून सेलचं घेईन. आणि तुमच्या पाटीवरची ती ओळ, तेवढी पुसा."

ते गेल्यावर सेकंदरावांनी खणातून होकायंत्र काढलं. चुंबकलेलं घड्याळ जवळ नेलं की त्याचा काटा थरथरतो, ही या धंद्यातली साधी परीक्षा. काटा हलला. त्यांनी घड्याळाचं चुंबकत्व उतरवलं, घड्याळ पार बायकोच्या टेबलावर नेऊन ठेवलं, परत येऊन बसले. काटा त्यांच्याकडे वळला.

ते स्टुलासकट डावीकडे सरकले. काटा डावीकडे. उजवीकडे सरकले. काटाही आला.

"बिघडलंय हे," ते म्हणाले.

"उत्तर दिशा दाखवतंय," बायको दोरा तोडत म्हणाली. "ती सध्या तुमच्या पोटावर आहे."

 मग सेकंदरावांनी शर्टाच्या आत हात घालून पट्टा सोडला. चार टाचण्या आणि एक स्क्रू खाली पडला. त्यांनी आधी स्क्रू उचलला.

पट्टा गेला तशी कंबर परत आली, आणि ती अशी आली की पाच आठवड्यांची सगळी थकबाकी एकदम मागितली. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास बसू शकले. तिसऱ्या दिवशी दुकानात जमिनीवर उताणे पडून होते. गिऱ्हाईक येई, रिकाम्या स्टुलाशी बोले, आणि उत्तर खालून येई. दातांच्या डॉक्टरने वाकून पाहिलं आणि "तोंड उघडा" म्हणता म्हणता थांबला. हेडमास्तरांचं घड्याळ टेबलावर उघडं पडून होतं. साफ करून जोडायला सलग तीन तास बसायला हवं होतं.

"पट्टा बांधला तर घड्याळ जातं, सोडला तर मी," जमिनीवरून आवाज आला. "पाटी पुसून टाक. रंग मागच्या फळीवर आहे."

"रंग वाळलाय," बायको म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी तिने पट्टा पुढे केला.

"धाकट्याने बदलून दिलाय. ही नवी जात. घड्याळांना चालते."

"चुंबक घड्याळांना चालत नाही."

"ही चालतात. बघा ना."

सेकंदरावांनी पट्टा टेबलावर ठेवला. होकायंत्र आणलं, पट्ट्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. काटा ढिम्म. उलटा करून पुन्हा फिरवलं. काटा ढिम्म. पट्ट्याची शिवण नवी होती, टाके बारीक, ओळखीचे. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती आणि त्यात इतकी गुंग होती, की सुईत दोरा आधीच असल्याचं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी होकायंत्र खणात ठेवलं आणि पट्टा घट्ट बांधला. ताठ बसले. एक तास झाला, दोन झाले. तीन तासांनी हेडमास्तरांच्या घड्याळाचं झाकण बंद करून ते उठले, तेव्हा 'आई' पर्यंत आले आणि 'गं' राहून गेलं.

घड्याळ नेल्यावर आठ दिवसांनी हेडमास्तर आले.

"वीस सेकंद मागे."

"वय झालं त्याचं."

"माझंही," हेडमास्तर म्हणाले आणि साखळी खिशात सोडली. जाताना त्यांनी पाटीवरची ओळ वाचली आणि चालू लागले.

त्यानंतर पंधरवड्याने मेहुणा अर्ज घेऊन आला. तोच, वर दिलेला. पट्टा बदलल्याचा विषय त्याने काढला नाही, कारण त्याला तो माहीत नव्हता. सेकंदरावांनी भिंग लावून अर्ज दोनदा वाचला. 'अकरा वर्षे' खोडून 'अकरा वर्षे चार महिने' केलं. 'चुंबक आठ' या शब्दांवर पेन जरा थांबलं.

"आठ बरोबर आहे," बायको यंत्रावरून म्हणाली. "मी मोजलीत."

त्यांनी सही केली.

पट्ट्यात कोटाची आठ बटणं आहेत.