मजबूत मासा

"चाचा, हा बोर्ड हाय का दरवाजा?"

मयूरीने सर्फबोर्ड दोन्ही हातांनी उचलला, काखेत धरून बघितला आणि परत स्टँडवर ठेवून दिला. तिचा चेहरा पार उतरला. स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि लातूरच्या एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये तयार झालेला हा बोर्ड तिच्या मते हॉस्टेलच्या बाथरूमला बसवण्याच्या लायकीचा होता. टोमणा वर्मी लागला, कारण हॉस्टेलच्या बाथरूमचे दरवाजे मीच करतो.

माझा धंदा फायबरचा. काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट रसायन, ओतायचं आणि रोलरने दाबायचं. एक थर झाला की दुसरा. टाक्या, पत्रे, दरवाजे सगळे असेच होतात. भूकंपानंतर गावंच्या गावं नव्याने उभी राहत होती, तेव्हा मी धंदा सुरू केला. पुढे क्लासेस वाढले, बाहेरगावची पोरं आली, हॉस्टेलं आली. त्यातले डॉक्टर किती झाले ते क्लासवाल्यांना विचारा. आंघोळ मात्र बहुतेकांनी माझ्या दरवाजाआड केली.

मयूरी आमच्या शेजारच्या सोनटक्के सरांची मुलगी. सर कोचिंगला फिजिक्स शिकवतात. मयूरीने डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा एकदा रिपीट केली आणि दुसऱ्यांदा रिपीट करण्याआधी मैत्रिणीबरोबर कर्नाटकच्या किनाऱ्यावर फिरायला गेली. तिथे एका सर्फिंग स्कूलमध्ये शिकली आणि तिथेच रमली. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की लोक शेजाऱ्याला हाक मारून सांगतात. त्या गल्लीतली पोरगी समुद्रावर उभी राहायला लागली, हे सरांच्या पचनी पडत नव्हतं. शेवटी बापलेकीत करार झाला. मे महिन्यातल्या स्पर्धेत ती फायनलला पोचली, तर स्कूल तिला शिकवायची नोकरी देणार होतं आणि सर काही बोलणार नव्हते. नाही पोचली, तर जूनमध्ये लातूर आणि रिपीट बॅच.

म्हणून तिने मला फोन केला. "चाचा, मला एक फिश बोर्ड करून द्या."

"मासळीचं दुकान टाकायलीस का?"

माझं काय चुकलं? आमच्या लातुरात बोर्ड दोनच. एक बारावीचा आणि दुसरा दुकानावरचा.

दोन दिवसांनी ती आली आणि शेडच्या फरशीवर तिने खडूने तीन बोर्ड काढले. सरही आले होते. त्यांनी लगेच सगळ्यात लांब बोर्डावर बोट ठेवलं. "हा घे. लांब म्हणजे स्टेबल."

"तसला स्कूलमध्ये हाय, बाबा. उभं राहायला चांगला, पण वळायचं तर औशाला जाऊन यावं लागतंय."

"मग हा टोकदार?"

"तो पावसाळ्यातल्या मोठ्या लाटांचा. उन्हाळ्यात लाट गुडघ्याएवढी अन् तिच्यात जोरच नसतोय. टोकदार बोर्ड जागीच बसतो."

राहिला तिसरा. आखूड, रुंद, पोटाला जाड, तळाला जवळजवळ सपाट आणि मागे माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला. यालाच फिश म्हणतात. रुंद असल्यामुळे तो तरंगतो चांगला, लाटेच्या थोड्या रेट्यावर पळतो आणि आखूड असल्यामुळे चटकन वळतो.

"लाट लहान म्हणून बोर्डही लहान? हे कोणतं लॉजिक?" सर म्हणाले.

"लांबी कमी, रुंदी जास्त. एरिया काढा की, बाबा."

सरांनी खिशातून पेन काढलं, फरशीकडे बघितलं आणि पेन परत ठेवलं. मयूरी माझ्याकडे वळली. "पण हलका पाहिजे, चाचा. लई हलका."

आत थर्माकोल, वर फायबर असं ठरलं. नेहमीचं रेझिन थर्माकोलला लागलं की थर्माकोल विरघळतो, म्हणून इपॉक्सी नावाचं दुसरं रेझिन मागवलं. मयूरीने स्वतः उभं राहून आकार घासून घेतला आणि ती किनाऱ्यावर परत गेली. किती थर द्यायचे ते मी बाबूरावला सांगितलं आणि टाक्या बसवायला नांदेडला गेलो. बाबूराव माझा जुना कारागीर, हाताला चोख.

मी परत आलो त्याच दिवशी मयूरीही बोर्ड न्यायला आली. आणि बोर्ड तर दरवाजाच्या वजनाचा.

"बाबूराव, थर किती मारलास?"

"तुमी सांगितलेले मारले. मंग सरांनी सांगितलेले मारले."

सर रोज संध्याकाळी बॅच सुटली की येत होते. बोर्डावर बोटाने ठकठक करायचे. टिकेल का, विचारायचे. मग म्हणायचे, अजून एक मारा.

"अरे, मला एक फोन करायचा न्हाई का?"

"सर म्हणले, मजबूत करा. लातुरात मजबूत करा म्हणल्यावर कोन इचारतंय?"

बाबूरावचं खरं होतं. भूकंपापासून आमच्याकडे हौदाचं झाकणसुद्धा मजबूत लागतं. इंजिनियर नकाशात एक गज दाखवतो, मालक दोन टाकतो. या शब्दावर मीही इतकी वर्षं पोट भरलं आहे.

तेवढ्यात सर आले, ठकठक करायलाच. मयूरी त्यांच्यावर उसळली. "बाबा, मी फायनलला जाऊ नये म्हणूनच केलं ना हे?"

सर एकदम पांढरे पडले. "नाही गं. मधे पाण्यात तुटला तर? खाली खडक असतात म्हणे."

"तुटतो बाबा कधी कधी. तुटला तर मी पोहत येते."

मी मधे पडलो. "सर, असला जड बोर्ड लाटेनं उलटून अंगावर आला तर तोच लागायचा पोरीला."

सरांनी बोर्डावर हात ठेवला. मग म्हणाले, "आमचे वडील माळवदावर, घराच्या छतावर, दरसाल मातीचा नवा थर टाकायचे. गळू नये, घर मजबूत व्हावं म्हणून."

पुढचं सांगायची गरज नव्हती. भूकंपात सरांची थोरली बहीण त्याच मातीखाली गेली, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. एरवी मला कुठेही थट्टा सुचते. तेव्हा मी सरांपुढे खुर्ची ओढली. मयूरीने माठातलं पाणी आणून दिलं. सर ते पिऊन म्हणाले, "जब्बारभाई, दुसरा करा. ती सांगेल तेवढेच थर."

लगोलग नवा थर्माकोल आणला. सर रोज येऊन बसायचे. त्यांचा हात फायबर कापडाच्या गुंडाळीकडे गेला की बाबूराव गुंडाळी उचलून दुसरीकडे ठेवायचा. या वेळी मयूरीने बोर्ड एका हातात उचलला आणि हसली. पहिला शेडमध्येच आहे. त्यावर बाबूराव डबा खातो.

स्पर्धेला सर स्वतः गेले. लाटा अगदीच बारक्या होत्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. टोकदार बोर्डवाले ताटकळत बसले होते आणि मयूरी मिळेल त्या लाटेवर उठत होती. दुपारी त्यांचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"जब्बारभाई, फायनलला गेली पोरगी!"

"अल्लाचा शुकर. नंबर कितवा?"

"फायनलमधे शेवटून पहिली!" सर ओरडले. "शेवटून पहिली आली!"

लातुरात पोरीचा शेवटचा नंबर असा ओरडून सांगणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

आता गिऱ्हाईक 'मजबूत करा' म्हणालं की मी आधी विचारतो, मजबुती वस्तूला पाहिजे की मनाला? वस्तूला असेल तर थर वाढवतो. मनाला असेल तर खुर्ची देतो. बसून बोलणं झालं की थर बहुधा लागत नाही.