ही रोझ कोण?

भुताखेतांचे अनुभव वाचून पोट धरून हसणाऱ्यांपैकी मी एक. इथले किस्से मी ऑफिसात लंच ब्रेकला मैत्रिणींना वाचून दाखवते, तेसुद्धा आवाज बदलून. तेव्हा आज माझी थट्टा करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त खाली कोणी ‘त्यांच्या आत्म्याला शांती लाभो ताई’ असलं काही लिहू नका. मी शांतपणे लिहायला बसलेलीच नाही. मी भयंकर चिडलेली आहे, आणि ज्या माणसावर चिडले आहे तो माणूस आता नाही.

आम्ही दुबईला, अल कुसैसमध्ये राहतो. मी, नवरा निखिल, सातवीतली मुलगी इरा आणि आई. गेल्या वर्षापर्यंत बाबाही होते. त्यांची सगळी नोकरी खोर फक्कानच्या बंदरात गेली, कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते बघण्यात. समोर चोवीस तास समुद्र, पण या माणसाला पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही कधी.

रिटायर झाल्यावर एकदा निखिलबरोबर अल क्वोजला गेले आणि तिथल्या जुन्या सामानाच्या गोदामातून एक व्हिडिओ गेम घेऊन आले. जुनाट जपानी कन्सोल, आणि त्यात घालायची एकच कॅसेट. हा गेम जपानबाहेर कधी विकलाच गेला नाही म्हणे. एक पाणबुड्या असतो, तो समुद्रात बुडी मारतो, मासे बघतो, बुडालेल्या बोटी शोधतो. मारामारी नाही, काही नाही. दुकानदाराने बजावलंही होतं, “चाचा, सब जपानी में है, समझेगा नहीं.” बाबा त्याला म्हणाले, “मछली को कौन-सी भाषा लगती है?”

झालं. रोज इरा शाळेतून आली की दोघं टीव्हीसमोर. बाबांना खजिन्यात रस नव्हता. तळाशी एक भलामोठा पाकट मासा फिरायचा, गोधडीसारखा चपटा आणि लांब शेपटीचा, त्याच्या मागे मागे जायचे. हवा संपत आली की इरा ओरडायची, “आजोबा, ऑक्सिजन! गो अप, गो अप!” बाबा म्हणायचे, “थांब गं, जरा बघू दे.”

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, कॅसेटच्या आतला सेल केव्हाच मेलेला होता, त्यामुळे गेम सेव्ह व्हायचाच नाही. रोज पहिल्यापासून. निखिल सेल बदलून आणतो म्हणाला तर बाबांनी नको सांगितलं, रोज नवीन बुडी मारायला मजा येते म्हणे. दुसरी गोष्ट, सुरुवातीला गेम खेळणाऱ्याचं नाव मागायचा. बाबांना जपानी अक्षर एक येत नव्हतं. ते नावाची जागा रिकामी ठेवून तसेच पुढे जायचे.

मग त्यांचं ऑपरेशन ठरलं. साधं आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. साधं! ऑपरेशननंतर तोंडात नळी, बाजूला मशीन. शुद्धीवर होते. मला बघितलं की ओठ हलायचे, पण आवाज कुठून येणार... मी कान अगदी जवळ नेला तर नर्स म्हणाली, “मॅडम, टुमॉरो ट्यूब निकालेंगे, इन्शाल्ला, फिर आराम से बात करना.” तो उद्या आलाच नाही. त्या ‘उद्या’चा मला आजही इतका राग येतो की कोणी सहज ‘उद्या बोलू’ म्हणालं तरी मी फोन कट करते.

कन्सोल निखिलने खोक्यात भरून, टेप लावून कपाटावर टाकला.

वर्षश्राद्धाला पुण्याला जायची तिकिटं काढली होती. त्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी इराने हट्ट धरला, आजोबांचा गेम खेळायचाच. टेप मीच कापली. कन्सोल लावला, आणि इरा म्हणाली, “मम्मा, देअर्स अ सेव्ह फाइल.”

सेल मेलेला, तरी सेव्ह केलेला गेम समोर होता. आणि नावाच्या जागी दोन जपानी अक्षरं.

इराने फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलं आणि मोठ्याने वाचलं, “रोझ.”

आई सोफ्यावर मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. “कोण?”

“इट सेज रोझ, आजी.”

“रोझ... खोर फक्कानच्या ऑफिसातली?” आईचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. “दर नाताळला केक द्यायची ती?”

मी सांगून थकले. म्हटलं आई, बाबांना जपानी येत नव्हतं, हे कोणा जपानी पोराने लिहिलेलं असेल. पण इराच म्हणाली की आजोबा खेळायचे तेव्हा ही लिस्ट रोज एम्प्टी असायची. आईने उठून बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. “मी पुण्याला येणार नाही. वर्षश्राद्धाला त्या रोझलाच घेऊन जा. खलास.”

मी किती संतापले होते म्हणून सांगू! आईवर, त्या फोनवर, आणि सगळ्यात जास्त बाबांवर. अख्खा संसार केला आईने तुमच्याबरोबर, आणि तुम्ही... खरं सांगते, मलाही शंका आली होती.

आमच्या ऑफिसात हिरोको नावाची जपानी बाई आहे. स्वभावाने गोड, फक्त माझ्या नावाची वाट लावते. मी नीला. ती म्हणते ‘नीरा-सान’. मला रोज वाटतं मी स्टॉलवर ग्लासात भरून ठेवलेली आहे. सोमवारी मी तिच्यापुढे त्या स्क्रीनचा फोटो धरला.

“बारा,” तिने वाचलं. “म्हणजे रोझ. फोन बरोबर सांगतोय.”

“आमच्यात बारा म्हणजे ट्वेल्व्ह,” मी वैतागून म्हटलं.

“पण परदेशी नाव असेल तर रोझ नसेलही, नीरा-सान. आमच्याकडे र आणि ल एकच. ‘बाला’ पण असंच लिहितात.”

नीरा नाही, नीला, असं एकदाचं सुनावायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. मग विचारलं, “आणि ळ?”

तिने दोन-तीनदा म्हणून बघितलं. दर वेळी ‘रा’च आलं. हसून म्हणाली, “तेही हेच.”

“मग बाळा लिहून दाखव.”

तिने चिकटचिठ्ठीवर दोन अक्षरं काढली. फोटोतलीच.

मला जगात एकच माणूस ‘बाळा’ म्हणायचा. आई नीलू म्हणते. इरा त्यांची ‘इरू’ होती. मी चाळिशीला आले तरी हा माणूस भर मॉलमध्ये “बाळा, इकडे ये” म्हणून ओरडायचा. म्हणजे ते कोणाचं नाव नव्हतंच. ती हाक होती.

घरी येऊन आईला सांगितलं, चिठ्ठी दाखवली. तिने चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मग फोटो सरळ केला, पदराने पुसला, आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, “तिकडे जाऊनही हाक लेकीलाच. मी आहे इथे बसलेली.” मग बॅग भरायला घेतली.

मी कन्सोल लावला. सेव्ह केलेला गेम उघडला. पाणबुड्या तळाशी वाळूवर उभा होता, बाजूला तो पाकट. हवेची पट्टी पूर्ण रिकामी. ती रिकामी झाली की गेम संपतो, इराने शंभर वेळा दाखवलंय मला. हा संपत नव्हता. नुसता उभा होता.

मी म्हटलं, “ओ, बाबा.”

काही झालं नाही. मी वाट बघितली, मग बंद केला. दुसऱ्या दिवशी लावला तर यादी रिकामी. निखिलने कॅसेट उघडून बघितली, आत तोच मेलेला सेल. इराने आजीची शपथ घेतलीय, तिने काही केलं नाही. खुलासा माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडे असला तरी मला नकोय.

मला एवढंच विचारायचंय, आणि तुम्हाला नाही, त्यांना विचारायचंय. बाबा, इतक्या लांबून हाक मारता आली तुम्हाला. मग मी ओ दिली ती ऐकू आली, एवढं सांगायला एक दिवस थांबता येत नव्हतं?