ढगातला चहा, चौदावा मजला

दूध घातलेल्या चहाला ‘पेय’ न म्हणता ‘अपघात’ म्हणणारा मराठी माणूस जगात एकच असावा, आणि तो तोक्योच्या एदोगावा भागात नेमका आमच्याच इमारतीत राहत होता. मुंबईच्या एका बँकेने त्यांना तिकडे पाठवलेलं. आम्ही त्यांना बँकवाले काका म्हणायचो. एकदा ते तैवानला फिरायला गेले, तिथल्या उंच डोंगरावरचा ऊलाँग चहा प्यायले आणि परत आले ते कामातून गेलेच. “अहो, वर थंडी, धुकं. पान सावकाश वाढतं, जाड होतं, कडूपणा विसरतं. घोट गेल्यावर घशात गोडी मागाहून येते!” हे ते लिफ्टमध्ये सांगत, आणि आपला मजला आला तरी ऐकणाऱ्याला उतरू देत नसत.

मग त्यांनी चहाची चार रोपं आणली आणि केवळ उंचीसाठी दुसरा मजला सोडून चौदाव्यावर घर घेतलं. “चौदावा असो नाहीतर चाळिसावा,” काकू म्हणाल्या, “हा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तुमचा डोंगर खड्ड्यात उभा आहे!” काका डगमगले नाहीत. धुकं नाही म्हणून ते बाल्कनीत फवारणीच्या बाटलीने धुकं पाडू लागले. खालच्या मजल्यावरच्या आजींची वाळत घातलेली गादी भिजली. आजी वर आल्या, कमरेत वाकल्या आणि त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, “आपले ढग साधारण किती वाजता येतात?” दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ काकांच्या अक्षरात ढगांचं वेळापत्रक लागलं.

चौथ्या वर्षी परतीचा, पुण्याला बदलीचा हुकूम आला. काका घाईघाईने पानं तोडायला बसले. रविवारी सकाळी पानं उन्हात सुकवली, सुपात हलवून त्यांच्या कडा दुखावल्या, दुपारी कढईत परतली, काकूंच्या जुन्या सुती ओढणीत आवळून बांधली आणि गाठोड्यावर मला बसवलं. “हलत राहा! पानाची गोळी वळली पाहिजे!” मी तासभर हललो. पुन्हा मंद आचेवर सुकवून हाती आला मूठभर चहा.

संध्याकाळी इवल्याशा पेल्यांतून तो प्यायलो. खरं सांगतो, मला उकडलेल्या पालकाची आठवण झाली. काका डोळे मिटून गोडीची वाट पाहत होते. ती आली की नाही, कळलं नाही. काकूंनी मात्र पेला रिकामा केला आणि त्या हळूच म्हणाल्या, “अजून आहे का हो?” काकांनी आपला चहा त्यांच्या पेल्यात ओतला.

रोपं विमानातून नेता येईनात, म्हणून माझ्याकडे आली. यंदा वसंतात त्यांना पोपटी कोंब फुटले. तोडवेनात. मी फोटो पाठवून विचारलं, “काका, तुम्ही येईपर्यंत ठेवू?”

पुण्याहून उत्तर आलं : “तोडा. वाट पाहू नका. पान जून होतं.”