वाघजाईची लोखंडी घंटा

मी देवाला मानते, पण देवाशी माझं फारसं पटत नाही. रोज दिवा लावते आणि दिवा लावता लावता त्याला चार गोष्टी सुनावते. गेल्या वर्षी घटस्थापनेला तर मी इतकी अस्वस्थ होते की पहिली माळ बांधताना दोरा दोनदा तुटला. देवीला म्हटलं, नऊ दिवस बसणार आहेस ना, मग नुसती बसू नकोस.

कारण तसंच होतं. ह्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि फार दिवस काढू नका, असंही बजावलं. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि परत येताना रिक्षात बसल्यावर म्हणाले, "दसऱ्याला आपली गाडी धरणापर्यंत जाऊन येऊ दे. मग मी येतो." मुलांनी फोनवर समजावलं, रागावले, मुलगी तर रडली. ह्यांचं एकच, आधी गाडी.

ही गाडी म्हणजे कासार आंबोलीच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली दोन दारांची, मोरपंखी रंगाची बया. तिचं नाव मी लिहीत नाही. नाव कळलं की फाटकाशी दोन माणसं विकत घ्यायला येतात आणि तिसरा नुसता बघायला. ज्या कंपनीने ती बनवली, ती कधीच बंद पडली. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ह्यांनी ती जुनी घेतली, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला झेंडूची माळ घालून, चाकाखाली लिंबू ठेवून आम्ही मुळशीच्या पाण्यापर्यंत एक फेरी मारतो. एकही दसरा चुकला नाही. मी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा हे एकटे जाऊन आले.

भाद्रपदात मारुंजीचा मेकॅनिक नेहमीसारखा गाडी बघायला आला. त्याने मागचं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उतरवला. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसणारं बिडाचं, ओतीव लोखंडाचं जाड, वाडग्यासारखं भांडं. तो चांगला आहे की नाही, हे बघायची एक साधी रीत आहे. बोटावर अधांतरी धरायचा आणि पान्याने टिचकी मारायची. अखंड असेल तर घंटेसारखा नाद लांबत जातो. तडा असेल तर नुसतं थप्प. हा नाद मी संसारात इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही ओळखीन. त्या दिवशी थप्प झालं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. मेकॅनिकने काही सांगायच्या आत ह्यांनी मान खाली घातली. बिडाला वेल्डिंग धरत नाही, आणि असल्या ड्रमवर घाट उतरायचा म्हणजे जिवाशी खेळ.

"आपल्याकडे दोन नवे होते," हे म्हणाले. "हिरव्या ट्रंकेत. चोराने नेले."

मी चहा आणायला उठले.

त्या चोराबद्दल आता सांगायलाच हवं. सव्वीस वर्षांची, पदर खोचलेली, स्वतःला घरातली सगळ्यात शहाणी समजणारी एक बाई होती. कंपनी बंद पडतेय अशी कुणकुण लागल्यावर तिच्या नवऱ्याने गावोगाव फिरून सुटे भाग गोळा केले आणि हिरव्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्या कराव्यात तसे रचून ठेवले. त्यापायी तो तिच्या भावाच्या हळदीला उशिरा पोचला, तोही ग्रीसच्या हातांनी. बाईसाहेबांनी ठरवलं, ही गाडी म्हणजे सवत आहे. एके दुपारी नवरा कामावर असताना सायकलवाला भंगारवाला आला, जुन्याच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारा. हिने ट्रंक दाखवली. बदल्यात एक पातेलं घेतलं, तेही इतक्या घाईत की त्याचं झाकण बसत नाही हे रात्री कळलं. नवऱ्याला सांगितलं, चोरी झाली. त्या भल्या माणसाने शेडला कुलूप आणलं, आणि किल्ली विश्वासाने तिच्याच कमरेला लावली.

ती बाई मीच. आज भेटली असती तर तिला त्याच पातेल्याखाली झाकून ठेवली असती.

मेकॅनिकने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कुणी फोटो पाठवला तो पुढच्या चाकाचा निघाला, कुणाचा झिजून कागद झालेला. मी नेऱ्यापासून मारुंजीपर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "आजी, हे मॉडेल माझ्या बापानं पण तोडलं नसंल." घरी यायचे, ह्यांना धाप लागलेली बघायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे. ह्यांना झोप येत नसे आणि मला बसवत नसे. हे घाबरले होते. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तर आपल्या मागे ही गाडी भंगारात जाईल, आणि तिच्याबरोबर आपणही, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. मला ते दिसत होतं, ह्यांना मला दिसतंय हेही ठाऊक होतं, आणि तरी आम्ही दोघं दिवसभर ब्रेकच्या ड्रमबद्दलच बोलत होतो.

पाचव्या माळेला एक फोन आला. धरणाच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत, तशाच गाडीचा सांगाडा आहे म्हणे. मी रिक्षा केली आणि निघाले. गाडी निघाली भलतीच, आणि तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. माझ्याकडे तिने अशी नजर टाकली की मी दार हळूच लावून घेतलं. परतताना चढावर रिक्षा पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. रिक्षावाला येणाऱ्या गाडीला हात करून चाक घेऊन गेला आणि मी भर दुपारी रस्त्याकडेच्या दगडावर बसून देवीला बोलायला सुरुवात केली. नऊ दिवस बसणार आहेस, म्हटलं, आणि मलाही बसवलंस होय.

तेवढ्यात वरून नाद आला. एक, मग थांबून दुसरा.

मी उठले. गुडघे मागे राहिले असतील, पण मी चढले. वर वाघजाईचं ठाणं होतं, चार खांबांवर पत्रा, खाली शेंदूर माखलेला तांदळा, देवीचा अनघड दगड. वाडीतली एक साठीची बाई दुपारची आरती उरकत होती. पुढे तिचं नाव कळलं, धोंडाबाई. आणि तिच्या डोक्यावर, आडव्या वाशाला, तेल-शेंदराने काळा-केशरी झालेला ब्रेकचा ड्रम टांगलेला होता.

मी आतल्या बाजूला हात घातला. बोटांना छिन्नीने कोरलेलं स्वस्तिक लागलं, एक हात आखूड असलेलं. दर खंडेनवमीला हे प्रत्येक सुट्या भागावर असं स्वस्तिक कोरत, आणि दर वेळी एक हात आखूड पडे.

"ही घंटा कुठली, हो?" मी विचारलं.

"सासऱ्यानं टांगली," ती म्हणाली. "भंगारवाला हितं पाण्याला थांबायचा. वज्यानं सायकल चढंना त्याची, तर ह्यो दिला टाकून. दुसरा कुटं गेला ठावं न्हाई. सासरा म्हनला, ह्याच्यावर सातिया हाय, ह्यो काय भंगार न्हवं. देवीला लावू. म्या लगीन होऊन आली तवापास्नं वाजतुया."

मी तिथेच बसले आणि सगळं सांगून टाकलं. गाडी, झडप, ट्रंक, चोर. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी बाईला सांगितलं. शेवटी म्हटलं, पितळेची मोठी घंटा आणून देते, पण ही मला द्या. तिने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"मी कोन देनार? देवीची वस्तू. कौल लावू."

तिने झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बसून राहिलो. खाली रिक्षावाला येऊन हॉर्न वाजवून दमला. एकही पाकळी हलेना. मी एकदा हळूच फुंकर घालायचा विचार केला, खोटं कशाला बोलू. धोंडाबाईने ते ओळखलं असावं.

"घरधन्याला सांगितलंसा का ह्ये?"

"नाही."

"मंग ती बोलंल कशी? ज्याचं नेलं त्येला न्हाई ठावं, आन् तिला विचारतीया."

त्या संध्याकाळी मी ह्यांच्या समोर बसले. आयुष्यात प्रथमच चहा न आणता. सगळं सांगितलं, घंटेपर्यंत. हे शेडकडे वळले. मला वाटलं, आता ती झडप माझ्यामुळेच जाणार.

"बदल्यात काय घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"एक पातेलं."

"कुठलं?"

"झाकण न बसणारं."

"म्हणजे मी रॉकेलमध्ये पार्ट धुतो ते?"

मी मान डोलावली. हे हसायला लागले. धाप लागेपर्यंत हसले, मी पाठीवर हात फिरवत राहिले आणि मला रडू येत होतं. "चोर," ते म्हणाले, "किल्ली चोराकडेच दिली मी." मग डोळे पुसून म्हणाले, "उद्या मला तिथे ने."

सहाव्या माळेला रिक्षावाल्याने आणि वाडीतल्या दोघांनी ह्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. धोंडाबाईने पुन्हा पाकळ्या लावल्या. तिचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली. वारा होता का, पाणी जास्त लागलं होतं का, मला माहीत नाही. मी तेव्हा पाकळीकडे बघत नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते.

"न्या, दादा. तुमचंच हाय," धोंडाबाई म्हणाली आणि दोर सोडायला उठली.

"थांबा," हे म्हणाले. "एकदा वाजवू द्या."

त्यांनी वर हात करून, खिशातून आणलेल्या पान्याने ड्रमला टिचकी मारली, मेकॅनिक मारतो तशी, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. नाद लांबत गेला, खाली पाण्याच्या दिशेने. तो पूर्ण विरल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"इतकी वर्षं रोज मार खातोय, आणि एक तडा नाही," ते म्हणाले. "चाकात बसवला तर मुका होईल. राहू दे इथंच."

"आणि गाडी?" मी विचारलं.

"ती थांबेल." मग खुर्चीच्या हातांवर जोर देत म्हणाले, "त्या डॉक्टरला फोन कर. नाहीतर उद्या माझा विचार बदलेल."

दसऱ्याला हे हॉस्पिटलात होते, छातीवर टाके घेऊन, जिवंत आणि चिडचिडे. मी सकाळीच शेडमध्ये जाऊन गाडीला माळ घातली, जॅकवर असलेल्या चाकाखालीही लिंबू ठेवलं. आयुष्यात प्रथमच मी तिची पूजा मनापासून केली आणि तिला सवत म्हटलं नाही. निदान मोठ्याने नाही.

गाडी अजून जॅकवरच आहे. हे रोज सकाळी तिच्यात बसून पेपर वाचतात. कुणी ड्रम मिळाल्याचा फोन केला तर फोटो मागवतात, बघतात, नाही म्हणतात. मला आता त्याची घाई नाही. जी वस्तू मी रागाने घालवली, ती देवीने उचलून वर टांगली आणि इतकी वर्षं जपली. तिने ती मला परत केली नाही, याचं मला आता वाईट वाटत नाही. मी मागत होते ड्रम. मला हवे होते हे, आणि ह्यांना मागायला माझं तोंड उघडत नव्हतं. आता मी दिवा लावताना तिला कमी सुनावते. काही दिवस तर नुसतीच बसते.

पितळेची घंटा द्यायला गेले तेव्हा धोंडाबाई नको म्हणाली. मग मी पातेलं घासून, सात पाण्यांनी धुऊन नेऊन दिलं. ते तिने ठेवून घेतलं. नवरात्रात वाघजाईच्या प्रसादाची खीर आता त्यात होते. यंदा ती वाढताना धोंडाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, ह्याचं झाकान काय बसंना." हे घंटेखाली खुर्ची टाकून बसले होते. एवढे हसले की टाके आठवले त्यांना.